कुलपाची वेळ

डिसेंबरात चार, जूनमध्ये साडेनऊ.
मधले महिने व्हॅनच्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या तक्त्यात.
ऑक्टोबरवर चहाचा गोल डाग,
म्हणून ऑक्टोबरात मी अंदाजाने बंद करायचो,
उजेड बघून.

पाच बागा, नऊ फाटकं. विन्टन हिलच्या
एकसारख्या लाल कौलांच्या गल्ल्यांतून
मी हिरव्याकडून हिरव्याकडे जायचो,
कमरेला किल्ल्यांचा झुबका. चालायला लागलो
की माणसांआधी कुत्र्यांना कळायचं.

"बाग बंद होतेय!" असं ओरडायचं नसतं.
पहिल्याच आठवड्यात शिकलो. ओरडलं की पोरं लपतात.
नुसतं फाटकाशी उभं राहून किल्ल्या वाजवायच्या
आणि दुसरीकडे बघायचं.
झोके आधी रिकामे होतात, मग हलायचे थांबतात.

मिस्टर हारालाम्बू सगळ्यांत शेवटी निघायचे,
छाटणीची कात्री कोटाच्या बाहीत लपवून.
वाफा नगरपालिकेचा, कात्री त्यांची,
आणि गुलाब सायप्रसमधल्या एका गावाचे, ज्याचं नाव
ते सांगायचे आणि मी दर वेळी चुकीचं म्हणायचो.
एकोणीस वर्षांत ती कात्री
आम्हा दोघांपैकी कुणीच पाहिली नाही.

तळ्याजवळच्या बाकावर पितळी पट्टी आहे:
'विनिफ्रेडला इथे बसायला फार आवडे.'
तिचा नवरा त्या बाकावर कधी बसला नाही.
समोरच्या बाकावर बसायचा. तिच्याकडे बघत.
एकदा मी त्याला आत विसरून कुलूप घातलं.
धावत परत आलो, तर तक्रार नाही. म्हणाला,
"अजून थोडा उशीर केला असतास तरी चाललं असतं."

शेवटी पिचर्स वुड. त्या राईला फाटकच नाही.
कुंपणात एक खिंडार, बाबागाडी जाईल एवढं,
आणि नियमांची एक पाटी, शेवाळाने अर्धी खाल्लेली.
काम नसायचं तिथे. तरी इंजिन बंद करून थांबायचो.
हॉर्नबीमची जुनी झाडं. कोळशासाठी
कधीकाळी बुंध्यापाशी तोडलेली,
म्हणून एकेका बुंध्यातून सहा-सहा, सात-सात खोडं,
पंगतीला बसल्यासारखी, पुढ्यात पान नाही.
मे महिन्यात खाली ब्लूबेल्स, इतकी निळी
की अंधार जमिनीतूनच वर येतोय असं वाटायचं.
आणि पलीकडे मोटरवेचा आवाज, अखंड,
नवख्याला समुद्र वाटावा असा.

फेब्रुवारीत पत्र आलं. बचत.
एक एप्रिलपासून बागा रात्रंदिवस उघड्या.
तारीख बघून आधी थट्टाच वाटली.
किल्ल्या परत केल्या. ऑफिसातल्या अमपोन्साबाईंनी मोजल्या,
दहा भरल्या. नऊ फाटकं, दहा किल्ल्या.
"ही कशाची?" मला माहीत नव्हतं.
"मग ठेवा," त्या म्हणाल्या,
आणि पावतीवर नऊच लिहिल्या.

पहिल्या संध्याकाळी साडेसातला
हात आपोआप कमरेकडे गेला.
बूट चढवले, निघालो. पायी.
फाटक सताड उघडं. आत अंधार, बाहेर अंधार,
मधे कुणी नाही.
झोक्यांवर दोन पोरं, मोबाइलच्या उजेडात.
मला बघून उगीचच उठली.
"बसा," मी म्हटलं. बसली नाहीत.

मग कोल्हा आला. एवढी वर्षं
कुंपणाखालच्या एकाच भोकातून ये-जा करणारा,
तो, किंवा त्याचा बाप, त्याचा आजा.
आज फाटकापर्यंत चालत आला, थांबला,
लोखंडाचा वास घेतला,
एक पंजा बाहेर टाकला.

मी बाजूला झालो.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
पंजा आत घेतला,
आणि भोकाकडे निघून गेला.